सतरा चौकोन

तो पहिल्यांदा दारात येऊन उभा राहिला तेव्हा मी टेबलावर डोकं टेकून बसले होते. झोपले नव्हते. झोपायलासुद्धा अंगात थोडं त्राण लागतं, तेही उरलं नव्हतं.

"विमा ऑफिस हेच ना?"

"वरच्या मजल्यावर," मी डोकं न उचलता म्हटलं. "काय काम आहे त्यांच्याकडे?"

"कॉम्प्युटर दुरुस्त करायचाय, अक्षरं दिसत नाहीयेत. नुसते चौकोन येतात म्हणे."

मी डोकं उचललं. खांदे पावसात भिजलेले, बॅगेचा पट्टा तारेने बांधलेला आणि डोळ्यांखाली माझ्यासारखीच काळी वर्तुळं. आपल्याइतकाच दमलेला माणूस बघून कधी कधी फार बरं वाटतं.

"आत या," मी म्हटलं. "विमावाले थांबतील. माणूस गेल्यावरच तर त्यांचं काम सुरू होतं."

तो हसला नाही. पण आत आला.

आमचा छापखाना लहान. अक्षरजुळणीच्या खोलीत सहा कॉम्प्युटर आणि मी. सोमवारी मालकांनी कुणाला तरी बोलावून सगळे कॉम्प्युटर पुसून घेतले आणि नवीन सॉफ्टवेअर टाकून घेतलं. मंगळवारी बघते तर मेनूतल्या सगळ्या शब्दांच्या मात्रा वरून छाटलेल्या आणि जुन्या फाइली उघडल्या की परक्या लिपीतली गिचमिड. अधूनमधून चौकोन.

मात्रा त्याने दोन मिनिटांत परत आणल्या. पडद्यावरच्या अक्षरांचा आकार वाढवला होता, त्यात ओळीची उंची अपुरी पडत होती, एवढंच. मग मी त्याला ती फाइल दाखवली. चारशे पानं, सगळी गिचमिड.

"ह्याचा फॉन्ट कुठाय?"

"पुसला गेला. आमच्या जुन्या मास्तरांनी स्वतः बदल करून घेतलेला होता. निम्म्या कळा त्यांनी आपल्या सोयीने फिरवलेल्या. दुसरीकडे कुठेच नाही."

"मास्तर कुठायत?"

मी वर बोट दाखवलं. त्याने आधी छताकडे बघितलं, मग त्याला कळलं. "अच्छा," तो हळूच म्हणाला. "फाइल… फार महत्त्वाची आहे का?"

काय सांगणार? माझे बाबा घड्याळजी. चाळीस वर्षं डोळ्याला भिंग लावून घड्याळं दुरुस्त केली. हात थरथरायला लागले तेव्हा दुकान बंद केलं, आणि त्याच थरथरत्या हाताने सगळी विद्या कागदावर उतरवली. ती मी तीन वर्षं जेवणाच्या सुट्टीत इथे बसून टाइप केली. पुढचा सोमवार सोडून त्याच्या पुढच्या सोमवारपासून तीन दिवस छपाईचं मशीन रिकामं असणार होतं, मालकांनी ते बाबांच्या पुस्तकाला देऊ केलं होतं. आणि हाताने लिहिलेली पानं? मी एकेक पान टाइप करून परत दिलं की बाबा ते फाडून तेल पुसायला घ्यायचे. झालं ना टाइप, मग हा कागद कशाला, असं म्हणायचे. चाळीस वर्षांची सवय.

रोज संध्याकाळी घरी गेलं की त्यांचा एकच प्रश्न. "कुठवर आलं गं?" आणि फाइल बिघडल्यापासून मी खोटं बोलत होते, "झालंच बाबा."

हे सगळं मी त्या अनोळखी माणसाला एका दमात सांगून टाकलं. त्याने बॅग खांद्यावरून उतरवून खाली ठेवली.

"उद्या संध्याकाळी सहाला येतो," तो म्हणाला.

*

तो खरंच आला. दोन्ही हातांत खालच्या टपरीवरच्या चहाचे कप. सगळी खोली माझ्याकडे बघतेय असं मला वाटलं, म्हणजे खोलीत आमच्या दोघांशिवाय कुणी नव्हतं तरी.

"एक तक्ता करू," तो म्हणाला. "कुठली कळ दाबली की कुठलं अक्षर यायचं, ते सगळं. 'क्ष' कुठे होता?"

"आठवत नाही."

"वीस वर्षं… नाही, किती वर्षं टाइप करताय?"

"मी तुम्हाला पन्नाशीची वाटते का?"

"तसं नाही…" त्याचे कान लाल झाले. "बरं, डोळे मिटा. 'क्षमा' लिहा. बंद कळफलकावर."

मी डोळे मिटले, आणि बोटं आपोआप गेली.

"शिफ्ट, आणि डावीकडून तिसरी," त्याने लिहून घेतलं. "आता 'ज्ञान'."

असं चाललं आमचं. मला काही म्हणजे काही आठवत नव्हतं, बोटांना मात्र सगळं पाठ होतं. मी डोळे मिटून शब्द लिहायचे, तो माझ्या बोटांकडे बघत बसायचा. कुणी आपल्या हातांकडे इतकं लक्ष देऊन बघावं, ही काही सवयीची गोष्ट नाही. मधेच एखादं बोट उगाच चुकायचं. तो "पुन्हा," म्हणायचा. मी पुन्हा लिहायचे.

तो दिवसभर पाच-सहा ऑफिसांतले कॉम्प्युटर दुरुस्त करून यायचा. मी दिवसभर लग्नपत्रिका आणि पावतीपुस्तकं जुळवून बसलेली असायचे. बोलायलासुद्धा कंटाळा यायचा दोघांना. पण चहा ठेवताना तो कपाचा कान माझ्या उजव्या हाताकडे करून ठेवायचा, म्हणजे डोळे न उघडता सापडावा. हे मी तिसऱ्या दिवशी ओळखलं, आणि त्यानंतर मला जरा जास्तच दमल्यासारखं व्हायला लागलं. प्रेमात पडायचं म्हणजे आणखी एक काम, आणि माझ्याकडे आधीच कामं काय कमी होती?

दुसऱ्या आठवड्यात, सोमवारी, तो म्हणाला, "आता सलग लिहा. दोन-तीन पानं."

"काय लिहू?"

"काहीही. सगळी अक्षरं आली पाहिजेत. मूळ फाइलला मी एकदम हात लावत नाही, आधी सरावाच्या फाइलवर बघतो. मी तासाभरात येतो, वरचे विमावाले रडतायत."

मी लिहायला बसले. पडद्यावर गिचमिडच उमटत होती, कुणाच्या बापाला वाचता आली नसती. म्हणून मग मन मोकळं केलं. पाठ दुखते हे लिहिलं. मालक नवीन खुर्ची देणार नाहीत हे लिहिलं. ताई दर रविवारी फोनवर एक नवं स्थळ सांगते आणि प्रत्येक स्थळाला आधी मोठं घरच असतं, हेही लिहिलं. आणि मग… त्याच्याबद्दल लिहिलं. चांगलं दीड पान.

ही गिचमिड वाचता यावी म्हणूनच आम्ही दोघं आठवडाभर डोकेफोड करत होतो, हे माझ्या लक्षात यायला नको? पण नाही आलं. अक्कल गहाण ठेवली होती मी, दुसरं काय.

*

मंगळवारी तक्ता पूर्ण झाला. त्याने सरावाची फाइल उघडली, बटण दाबलं, आणि पडद्यावर वरून खालपर्यंत अक्षरं सरळ होत गेली. *पाठ दुखते. मालक नवीन खुर्ची देणार नाहीत.*

मी आनंदाने हसले. आणि मग मला दुसरं पान आठवलं.

"थांबा," मी म्हटलं. "एवढं पुरे. आलं सगळं बरोबर."

"ओळ न् ओळ तपासावी लागते." त्याने खुर्ची पुढे ओढली. छापखान्यात प्रुफं वाचताना एक जण मोठ्याने वाचतो आणि दुसरा बरोबर-चूक सांगतो, ही पद्धत मीच त्याला शिकवली होती. "'हा माणूस चहा ठेवताना कपाचा कान माझ्याकडे करतो.' बरोबर आलंय?"

"…बरोबर."

"'ह्याच्या घरी कुणी वाट बघत असेल का.' बरोबर?"

"बरोबर."

"पुढे प्रश्नचिन्ह हवं का?"

"हवं."

त्याने प्रश्नचिन्ह टाकलं. "कुणी नाही," तो पडद्याकडे बघतच म्हणाला. "आई आहे, ती आठलाच झोपते."

"मी विचारलं नव्हतं."

"लिहिलंय." तो पुढे वाचायला लागला. "'ह्याचं काम संपलं की हा जाईल, आणि मग संध्याकाळी मला परत नुसतंच दमायला होईल…'"

तो थांबला. चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसला, परत घातला. मी टेबलाची कड घट्ट धरून बसले होते.

"'ळ' नीट येतोय," तो म्हणाला.

एवढंच. मी इथे काळजाचं दीड पान उघडं टाकलं, आणि ह्या माणसाला 'ळ' दिसला. मला इतका राग आला की रडू येईना.

रडू आलं ते नंतर, त्याने बाबांची फाइल उघडली तेव्हा. चारशे पानं, एकेक अक्षर जागेवर. चाकं, स्प्रिंगा, लंबक, सगळं आपलं आपल्याला वाचता येत होतं. मी तोंडाला ओढणी लावून रडले. तो खिडकीबाहेर बघत उभा राहिला.

फक्त सतरा चौकोन उरले होते. *स्क्रू ▯ फेरा सैल करावा.* तिथे पाव की अर्धा की पाऊण? मास्तरांनी तिन्ही चिन्हं काढून दिली होती, पण ती कळांवर नव्हती. मी ती माउसने तक्त्यातून उचलून ठेवायचे, म्हणून बोटांनाही माहीत नव्हतं. आणि चुकून अर्धा छापला गेला असता तर पुस्तक वाचून कुणीतरी घड्याळ मोडलं असतं, बाबांच्या नावाने.

"बाबांना विचारावं लागेल," तो म्हणाला. "मी येतो घरी."

"मी विचारते की."

"नको. जरा… तांत्रिक आहे."

*

त्या संध्याकाळी मी बाबांना सगळं खरं सांगितलं. मला वाटलं होतं ते खचतील. ते म्हणाले, "काहीतरी बिनसलंय हे कळलं होतं. आठवडाभर तू पानांचा आकडा सांगितला नाहीस."

बुधवारी तो छापील पानं घेऊन घरी आला. बाबांनी डोळ्याला भिंग लावलं, पहिल्या चौकोनावर बराच वेळ वाकून बसले.

"पाव," ते म्हणाले. दुसऱ्यावरही पाव. मग भिंग काढलं. "आज एवढंच. डोळे दमले."

डोळे दमलेले बाबा त्यानंतर तासभर त्याला भिंतीवरच्या घड्याळाची आतली चाकं दाखवत होते.

गुरुवारी चार चौकोन सुटले. पाव, पाव, पाव, पाव. "बाकीचे उद्या," बाबा म्हणाले. "या तुम्ही. घाई नाही."

घाई नाही काय? सोमवारी मशीन लागणार होतं.

शुक्रवारी दुपारी मी फाइल उघडली आणि एका चौकोनावर जाऊन त्याचा क्रमांक बघितला. प्रत्येक अक्षराला कॉम्प्युटरच्या पोटात एक क्रमांक असतो, तो कागदावर दिसत नाही, फाइलमध्ये दिसतो. मग दुसऱ्याचा बघितला. तिसऱ्याचा. सतराही चौकोनांचा क्रमांक एकच होता. म्हणजे एक कळला की सगळे कळले. ज्या माणसाने आठवडाभर माझं एकेक बोट मोजलं, त्याला हे माहीत नसेल?

संध्याकाळी तो आला तेव्हा मी त्याला सरळ स्वयंपाकघरात बोलावलं.

"सतराही एकच आहेत."

तो पाण्याचा ग्लास हातात धरून उभा राहिला. "हो."

"कधीपासून माहीत होतं?"

"मंगळवारपासून."

"म्हणजे बाबांनी बुधवारी पहिला सांगितला, तेव्हाच सगळे सुटले होते."

"हो."

"आणि बाबांना…"

"मला पहिल्यापासून," बाहेरच्या खोलीतून बाबांचा आवाज आला. "अगं, स्क्रू कधीच पाव फेऱ्याच्या वर फिरवायचा नसतो. पाव फिरवायचा, थांबायचं, कान लावून ऐकायचं. अर्धा मी आयुष्यात कधी लिहिला नाही."

मला हसावं की भांडावं कळेना. "मग हे नाटक कशाला?" मी हळू आवाजात त्याला विचारलं.

"तुम्ही दीड पान लिहिलंत," तो ग्लासात बघत म्हणाला. "मला तसं… येत नाही लिहायला. बोलायलाही नाही. मला येऊन बसता येतं. सतरा चौकोन होते, रोज दोन-तीन म्हटलं तर आठवडा निघाला असता. सोमवारचं मी विसरलो नव्हतो. रविवारी सगळे एकदम करणार होतो." मग त्याने वर बघितलं. "उत्तर कसं द्यायचं ते कळेना, म्हणून येत होतो."

पातेल्यात चहा उकळत होता. माझे पाय दुखत होते, त्याचे डोळे लाल झाले होते, आणि इतक्या वर्षांत मला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.

"दमलास?" मी विचारलं. 'तुम्ही' कुठे गळून पडलं मलाच कळलं नाही.

"खूप."

"मी पण."

मी चहा गाळला आणि कप ओट्यावर ठेवला, कान त्याच्या हाताकडे करून. त्याने तो बघितला. आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा तो हसला.

पुस्तक बुधवारी बांधून झालं. मी ते घरी आणलं तेव्हा तोही बरोबर होता. बाबांनी पुस्तक आधी हातात घेतलंच नाही. उठले, साबणाने हात धुतले, पुसले, नखं बघितली, परत धुतले. "ह्या कागदाला तेल लागू द्यायचं नाही," म्हणाले. मग पुस्तक मांडीवर घेऊन भिंग लावून पाव फेऱ्याचं पान काढलं आणि कितीतरी वेळ त्यावरून बोट फिरवत बसले. त्या दिवशी त्यांचा हात फारसा थरथरत नव्हता, का मलाच तसं वाटलं, कोण जाणे.

"सतराही बरोबर आहेत," शेवटी ते म्हणाले. भिंग काढून त्यांनी त्याच्याकडे बघितलं. "आता तुम्हाला उद्या यायला काय कारण सांगणार?"

तो माझ्याकडे बघायला लागला.

"कारण लागत नाही बाबा," मी म्हटलं, आणि चहा टाकायला आत गेले.