खड्डा नसलेली खाण

(जिला खड्डा नाही, काळोख नाही, जिच्यात उतरताना कुणी डोक्याला दिवा लावत नाही, अशी खाण कोणती?)

हे कोडं टकटकच्या छातीवर उमटलं, तेव्हा केतकी बशीतल्या पोह्यांतले शेंगदाणे वेचून खात होती.

टकटक नेहमी कंसातच बोलायचा. तो पूर्वी घुग्घुसच्या कोळसाखाणीत यंत्रमानव होता. एकदा छताचा तुकडा त्याच्या गळ्यावर पडला आणि आवाज गेला. दुरुस्ती करणाऱ्याने आवाजाच्या जागी अक्षरांची पट्टी बसवून दिली. पट्टीवर आधी एक कंस उमटे, मग शब्द, मग दुसरा कंस. दुसरा कंस आला, की टकटकचं बोलणं संपलं असं समजायचं. पुढे खाण बंद झाली, टकटक भंगारात निघाला, आणि केतकीच्या आबाजींनी त्याला घरी आणलं.

"हरले," केतकी म्हणाली. "सांग उत्तर."

(आबाजींना विचार. ते आज तिच्यात स्वतःचा कान टाकणार आहेत.)

केतकीने बशी खाली ठेवली.

कान म्हणजे खरा कान नव्हे, कानाचे पैसे. आबाजी, म्हणजे तिचे आजोबा देवराव पिंपळशेंडे, खाणीत सरदार, म्हणजे पाळीच्या सुरक्षेवर नजर ठेवणारे, होते. यंत्रांच्या घरघरीत उमेदीची सगळी वर्षं गेली आणि त्यासोबत ऐकूही येईनासं झालं. आता कर्णबी निघाली होती (कानाच्या आत रुजवायचा तांदळाएवढा यंत्रकण, तो आवाज पकडून थेट मेंदूकडे जाणाऱ्या नसेला देतो). ती महाग होती. एका कानापुरते पैसे आबाजींनी जमवले होते. उजवा कान पार गेला होता, डाव्यात थोडी धुगधुगी होती. डॉक्टर म्हणाले होते की या वर्षी बी रुजवली नाही, तर डावी नसही निजून जाईल.

केतकीने आबाजींच्या डाव्या कानाशी तोंड नेलं. "कानाचे पैसे कुठे टाकताय तुम्ही?"

"खाणीत," आबाजी मजेत म्हणाले. "मारोतीचा प्रफुल्ल येऊन राहिला दुपारी. त्याच्या कंपनीची नाण्यांची खाण आहे. एका कानाचे पैसे टाकले, तर वर्षभरात दोन कानांचे होते म्हणते."

"त्यात जोखीम आहे, आबाजी."

"जुकाम? मले नाही झाला जुकाम."

"जो-खी-म."

"मंग असं बोल ना. जोखीम कोणत्या खाणीत नसते? सारी जिंदगी गेली माही खाणीत. आता तू मले खाण शिकवून राहिली का बाप्पा?"

एवढं बोलून ते अंघोळीला गेले.

टण्ण.

हा टकटकच्या काठीचा आवाज. कुठल्याही खोलीत शिरला, की तो आपला लांब हात वर करून लोखंडी टोकाच्या काठीने छत ठोकायचा. छत घट्ट असलं तर वाजे टण्ण. आत पोकळ असलं तर वाजे भद्द. उन्हाळ्यात स्वयंपाकघरातलं छत भद्द वाजलं होतं. आईने लक्ष दिलं नाही, आणि दोनच दिवसांत गिलाव्याचा पोपडा वरणात पडला. तेव्हापासून आईसुद्धा काठीचा आवाज कान देऊन ऐकायची.

हे ठोकणं त्याला आबाजींनीच शिकवलं होतं. खाणीत सरदाराचं ते रोजचं काम असायचं. बाकीचे आत येण्याआधी त्याने छत ठोकायचं. एका हाताने काठी मारायची, दुसऱ्याचा तळवा छताला लावायचा, म्हणजे कानाने नाही टिपलं ते हात टिपतो. आणि उभं राहायचं ते तपासलेल्या, टेकू दिलेल्या छताखाली. काठी तेवढी पुढे करायची.

"आता मला नीट सांग," केतकी टकटकला म्हणाली. "नाण्यांची खाण असते तरी कशी?"

(कूटचलन : नोट नाही, नाणं नाही, जगभरच्या हजारो संगणकांनी मिळून सांभाळलेला पैसा.)

"मिळून कसा सांभाळतात?"

(खाणीचा भोंगा कसा होता?)

भोंगा केतकीने गोष्टींतच ऐकला होता. कामाची पाळी सुरू झाली, की तो वाजायचा आणि सगळ्या गावाला एकदम कळायचं. उशिरा आलेल्याने "मी तर वेळेवर होतो" म्हटलं, तर सगळं गाव हसायचं. कारण भोंगा सगळ्यांनीच ऐकलेला असायचा.

(तसंच. कुणी कुणाला किती नाणी दिली, याचा पुकारा सगळ्या संगणकांना एकदम ऐकू जातो. प्रत्येक जण तो लक्षात ठेवतो. एकट्याने खोटं बोलून भागत नाही.)

"बरं. यात खाण कुठे आली?"

टकटकने खुंटीवरचा जुन्या चाव्यांचा जुडगा काढला. आबाजींना चाव्या टाकून देववत नसत. बहुतेक कुलुपं कधीच हरवलेली, चाव्या मात्र किलोभर.

(यातली एकच चावी कोठीच्या कुलपाला लागते. शोध.)

केतकी बसली एकेक लावून बघत. बोटं काळी झाली, तिसऱ्यांदा जुडगा हातातून निसटला, तेव्हा कुठे कुलूप उघडलं.

(आता तुझी चावी बरोबर आहे का, हे मी तपासतो.) टकटकने ती एकदाच फिरवली. (बरोबर आहे.)

"एवढंच? मी तासभर शोधली, आणि तुझं तपासून लगेच झालं?"

(तीच तर युक्ती. थोडे थोडे पुकारे एकत्र बांधून त्यांना कुलूप घालायचं असतं. त्याचा आकडा अंदाज करकरूनच सापडतो. शोधायला फार कष्ट, तपासायला काहीच नाही. ज्या संगणकाला तो आधी सापडेल, त्याला बक्षीस म्हणून नवी नाणी. खनन : अंदाजामागून अंदाज करत कुलपाचा आकडा शोधणं. कोळसा शून्य, वीज पुष्कळ.)

"म्हणजे कुणी काही खणतच नाही?"

(नाव उसनं आणलंय.)

केतकी काळ्या बोटांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "माझ्याआधी शेजारच्या यशोधराला चावी सापडली असती तर?"

(तुला काही नाही. कष्ट गेले, वीज गेली. शिवाय नाण्याचा भाव रोज खालीवर होतो. ही झाली जोखीम. खरं खनन करणाऱ्यालाही ती असते.)

"मग प्रफुल्लदादा कसा म्हणतो, वर्षभरात पैसे नक्की दुप्पट होतात?"

( )

कंस उमटले. मधे काहीच नव्हतं. टकटकला असं क्वचितच व्हायचं.

"टकटक, आणि ती नाणी ठेवतात कुठे?"

(विनिमयकेंद्र म्हणजे

पट्टी विझली. सवयीने छत ठोकायला वर केलेला टकटकचा काठीचा हात तसाच राहिला. गप्पांच्या नादात त्याची बॅटरी संपली होती, आणि उन्हात ठेवल्यावर ती भरायला दुपार जाणार होती. त्याचा कंस उघडाच राहिला.

बाहेर स्कूटर थांबल्याचा आवाज आला.

टण्ण? भद्द? अजून कुणी ठोकलंच नव्हतं.

प्रफुल्ल चपला काढून आत आला आणि आबाजींच्या पाया पडला. त्याचे वडील मारोतराव आबाजींबरोबरच पाळीवर असायचे. मुलगा आपला म्हणून आबाजींना त्याचं कौतुक.

"काकाजी, आज शेवटची तारीख आहे बरं का. उद्यापासून नवीन माणूस घेत नाहीत." त्याने मोबाइल पुढे धरला. पडद्यावर हिरवा आकडा होता आणि बघता बघता तो वाढत होता. "हे माझे. पगाराचे सगळे यातच टाकतो मी."

तो फसवायला आलेला नाही, हे केतकीला दिसत होतं. स्वतःच्या आकड्याकडे तो अगदी मायेने बघत होता. त्यामुळे तिला जास्तच काळजी वाटली.

"प्रफुल्लदादा, हा आकडा भोंग्यावर आहे का?"

"कसला भोंगा गं?"

"म्हणजे सगळ्या संगणकांनी ऐकलाय, की फक्त तुझ्या कंपनीच्या पडद्यावर आहे?"

"कंपनीच्या केंद्रात आहे. एकदम सेफ."

"आणि नाणी बाहेर काढायची चावी?"

"चावीही त्यांच्याकडेच. आपल्याला कशाला डोक्याला ताप?"

केतकी मनात टकटकचं अर्धं वाक्य पुढे नेत होती. नाण्यांवर हजारो संगणकांची नजर असते. पण आपली नाणी आपण दुसऱ्याच्या दुकानात ठेवली आणि चावीही त्यालाच दिली, तर तिथे नजर कुणाची? दुकानदाराची. मग नाण्यावर भरवसा असून काय उपयोग? दुकानदारावर हवा. आणि दुकानदाराबद्दल आपल्याला काय माहीत आहे? एक हिरवा आकडा. तो तर तीसुद्धा रंगवू शकली असती.

हे सगळं आबाजींच्या डाव्या कानात मावणार नव्हतं. आबाजी तर अंगठा पुढे करूनच बसले होते. पडद्यावर अंगठा टेकला, की कान गेला.

केतकी उठली. टकटकच्या वर अडकलेल्या हातातली काठी तिने सोडवली आणि आणून आबाजींच्या मांडीवर ठेवली.

"हे का?" आबाजींनी विचारलं.

ती त्यांच्या कानाशी वाकली. "छत ठोकलं का, आबाजी?"

आबाजींचा अंगठा हवेतच थांबला. त्यांनी काठीकडे बघितलं, मग प्रफुल्लकडे, मग पुन्हा काठीकडे.

"नाही ठोकलं," ते हळूच म्हणाले. "खाण म्हटलं, अन् मी सरळ आत जाऊन राहिलो होतो. टेकू नाही, दिवा नाही. सरदार असून." ते स्वतःशीच हसले. "प्रफुल्ल, ठोकायचं कसं हिला?"

"काकाजी, ही काय खरी खाण आहे का ठोकायला?"

"मंग मले तीन दिवसांपासून खाण खाण काहून म्हणून राहिला तू?"

केतकीला युक्ती सुचली. "थोडे पैसे बाहेर काढून बघायचे. आबाजींचे नाही, अजून ते आत गेलेलेच नाहीत. दादा, तुझ्यातले काढ. एका प्लेट तर्री-पोह्याचे."

"एवढंच ना? हे बघ." प्रफुल्लने बटण दाबलं.

पडद्यावर चक्र फिरलं. मग एक ओळ आली : रक्कम काढण्यापूर्वी 'कुलूप-शुल्क' जमा करा.

"किती शुल्क?" केतकीने विचारलं.

प्रफुल्लने आकडा वाचला. पोह्याच्या प्लेटा सोडा, त्यात पोह्याची गाडी आली असती.

"नियम असेल काहीतरी," तो म्हणाला. पण आवाज बारीक झाला होता.

"याच्या आधी किती वेळा काढले?" आबाजींनी विचारलं.

"वाढत होते ना काकाजी. वाढत होते म्हणून काढलेच नाही."

आबाजींनी मोबाइल टेबलावर ठेवला आणि त्याच्या शेजारी आपला तळवा टेकला, पूर्वी छताला लावत तसा. हिरवा आकडा अजून वाढतच होता.

"भद्द," आबाजी म्हणाले.

प्रफुल्ल खाली बसला. मग तो म्हणाला, "मी अख्ख्या कॉलनीला सांगून बसलो काकाजी. आता कोणत्या तोंडाने जाऊ?"

"ज्या तोंडानं गेला होता त्याच. उठ. खाणीत छताचा आवाज बिघडला, तर सरदार लाजत बसत नाही. भोंगा वाजवते, अन् सगळ्यांले बाहेर काढते."

प्रफुल्लने भोंगा वाजवला. म्हणजे तो घरोघरी गेला. काहींनी शिव्या दिल्या, काहींनी चहा दिला. त्याच संध्याकाळी तो आणि केतकीची आई सायबर पोलिसांकडे तक्रार देऊन आले. तक्रार लवकर पोचली, म्हणून काही रक्कम वाटेतच अडवता आली. सगळी नाही. प्रफुल्लचे बरेच पैसे गेले. पण कॉलनीतून त्या दिवसानंतर कुणाचा अंगठा तिथे टेकला नाही.

टण्ण.

डाव्या कानात बी रुजली. कानावरचं बँडेज सोडायच्या दिवशी आबाजींनी सगळ्यांना गप्प बसवलं आणि टकटकला खूण केली. टकटकने दवाखान्याचं छत ठोकलं. आबाजी डोळे मिटून बसले होते. डोळे उघडल्यावर म्हणाले, "डॉक्टरसाहेब, खिडकीजवळचा गिलावा पाहून घ्या. तिथं पोकळ आहे."

घरी येताना केतकीने विचारलं, "म्हणजे कूटचलनाच्या वाटेला जायचंच नाही का?"

"अशी हळू बोल. आता ओरडाची गरज नाही," आबाजी म्हणाले. "आम्ही खाणीत उतरत नव्हतो का? रोज उतरत होतो. ठोकून."

आणि त्यांनी खरंच ठोकून बघितलं. केतकीच्या आईने नोंदणी असलेलं, लोकांना पैसे परत काढू देणारं एक विनिमयकेंद्र शोधलं. त्यात आबाजींनी दोन प्लेट पोह्यांचे पैसे टाकले. लगेच थोडे काढून बघितले. निघाले. मग नाणी केंद्रात न ठेवता चावी, म्हणजे ती नाणी उघडायचा गुप्त आकडा, स्वतःकडे घेतली, आणि पत्र्याच्या तुकड्यावर कोरून त्या किलोभर जुडग्यात अडकवली. पुढच्या आठवड्यात भाव पडला आणि दोन प्लेटांची एकच उरली.

"छत तर घट्ट होतं," केतकी म्हणाली.

"घट्ट छतही कधी हलते. म्हणूनच दोनच प्लेटा घेऊन उभा होतो ना मी." आबाजी खुशीत होते. "ही जोखीम. ती आपण मोजून घेतली. त्या दिवशीची पोकळ होती. ती मोजताच येत नव्हती."

टकटकचं ते वाक्य मात्र अजून अर्धंच होतं. चार्ज झाल्यावर तो वाक्य पूर्ण करायला निघाला होता, पण केतकीने त्याला थांबवलं होतं. उरलेलं मी सांगेन, म्हणाली होती. आज ती अंगणात त्याच्यासमोर बसली. पलीकडे बंद खाणीत साठलेलं गार पाणी उन्हात चमकत होतं. त्या पाण्याने थंड ठेवलेल्या हजारो संगणकांचं मोठं केंद्र तिथे व्हायचं होतं. कॉलनीतली मुलं आतापासूनच तिथल्या कामांची नावं पाठ करत होती. प्रफुल्लनेही अर्ज केला होता. केतकीने आपलं काम ठरवून टाकलं होतं. तिथे कुणी कुठलंही नाव उसनं घेऊन आलं, तरी आधी काठी घेऊन आत जायचं.

"लिही," ती टकटकला म्हणाली आणि हळू आवाजात एकेक शब्द सांगू लागली. आबाजी दुसऱ्या टोकाला खाटेवर होते, पण त्यांनीही कान दिला.

(विनिमयकेंद्र म्हणजे दुसऱ्याचं दुकान. तिथे नाणी बदलून मिळतात आणि ठेवताही येतात. नाण्याचा हिशेब सगळं जग ऐकतं, दुकानाच्या आतलं फक्त दुकानदार. म्हणून आधी थोडं टाकून थोडं काढून बघायचं, चावी कुणाकडे ते विचारायचं, आणि ठरलेल्या कमाईचं वचन मिळालं तर तळवा लावायचा. उभं राहायचं ते आपल्या टेकूखाली. आणि मग, छत घट्ट वाजलं, तर खुशाल पुढे जायचं.

टकटक थांबला. "झालं?" असं विचारल्यासारखी त्याची पट्टी लुकलुकली.

"झालं," खाटेवरून आबाजी म्हणाले. "मले ऐकू आलं."

)