डॉर्कसची रिकामी होडी

क्लार्कनवेलच्या त्या गल्लीत दर दुसऱ्या दारामागे कुणीतरी चित्र छापायचा पत्रा कोरत बसलेलं असे. पर्किस भावंडांच्या घरी मात्र आता एकट्या नॅथॅनियलचीच कोरणी चालायची. थोरल्या बहिणीचे, डॉर्कसचे, डोळे शेवटच्या चित्रापायी गेले होते. चित्रात एका कवितेतला प्रसंग होता: नावाडी बुडालाय, त्याची रिकामी होडी काठाला परत येतेय आणि बायको गुडघाभर पाण्यात उभी आहे. ते पाणी रेघारेघांनी पोलादात उतरवायला डॉर्कसला चौदा महिने लागले.

चित्राखाली उजव्या कोपऱ्यात कोरणाऱ्याचं नाव असतं. प्रकाशक म्हणाला, बाईचं नाव पाहून गिऱ्हाईक नाक मुरडेल. नॅथॅनियलनं तिचं नाव खरवडलं, पत्रा मागून ठोकून सपाट केला आणि तिथं स्वतःचं नाव कोरलं. तिला सांगितलं, "तुझंच नाव आहे." तेव्हापासून त्याला स्वतःची इतकी लाज वाटे, की आंधळ्या बहिणीसमोरसुद्धा मान वर होत नसे.

मंगळवारी दुपारी पहिला छाप आला.

"आण इकडे," डॉर्कस म्हणाली. "बघू दे."

"बघणार कशानं?"

"बोटांनी, शहाण्या! शाई कागदावर उभी राहते, विसरलास?"

विसरलाच होता. सगळी हयात ज्या धंद्यात गेली, त्यातली साधी गोष्ट. त्यानं कागद तिच्यापुढे ठेवला.

तिची बोटं थेट कोपऱ्यात गेली. तिथं त्याचं नाव ठसठशीत दिसत होतं. बोटं त्यावरून दोनदा फिरली.

"इथं कुणाचंच नाव नाही रे. नुसता गुळगुळीत कागद."

सांगून टाकावं, असं त्याला वाटलं. पण लाज आडवी आली.

"शाई कमी पडली असेल," तो म्हणाला.

बोटं पाण्यावरून होडीकडे सरकली आणि थांबली.

"हा कोण बसलाय?"

त्यानं वाकून पाहिलं. होडी रिकामीच होती.

"मी कुणाला बसवलं नव्हतं. नाक बघ कसं वाकडं. अगदी तुझं."

"डॉर्कस, ऐक..."

तिनं मान वर केली, पण दाराकडे. "नॅट? बाहेर गेलास का रे?"

"हा काय, इथंच आहे!" तो तिच्यासमोर, हातभर अंतरावर होता.

ती कान देऊन बसली. चुलीवर किटली वाजू लागली. ती तिला ऐकू आली. उठून तिनं किटली उतरवली आणि पुन्हा कागदापाशी बसली.

मग तो ओरडला. नाव मी खरवडलं. खोटं बोललो. माफ कर.

डॉर्कसचं बोट होडीवर होतं.

"अगं बाई," ती पुटपुटली. "तोंड उघडलं यानं."

तिनं कागदाची घडी घातली नाही. घडीनं रेघा मोडतात. अलगद खणात ठेवला, खण लावला आणि दोघांचा चहा ओतून भावाची वाट पाहत बसली.