श्यामलावहिनींनी निवडलेला शाफ्ट

ही गोष्ट खरी आहे. खोटी रचायची असती तर मी तिच्यात अमावस्या घातली असती, एखादी पडकी विहीर घातली असती. माझ्याकडे आहे ती १९८७ सालातल्या फेब्रुवारीतली रविवारची सकाळ आणि कात्रजच्या बोगद्यापलीकडचा सरळ रस्ता. लख्ख ऊन. दुधाचे कॅन लावलेले सायकलवाले.

एवढ्या उजेडात भुताचं काय काम, असं मलाही वाटायचं.

पूर्वी.

दीनानाथ माझा आतेभाऊ. धायरीला राहायचा. त्याने कॅम्पातल्या एका पारशी गृहस्थाकडून जुनी इंग्रजी बनावटीची उघडी गाडी आणली होती. शर्यतीची. पुढे दोन सीट. मागे एक अरुंद फळी, जिच्यावर पिशवी ठेवावी किंवा नको असलेला नातेवाईक.

इंजिनाचा जोर मागच्या चाकांना नेणारा जो लोखंडी दांडा असतो, तो शाफ्ट. या गाडीचा शाफ्ट दोन तुकड्यांचा होता, मधे बेअरिंगवर जोडलेला. गाडी सुटताना त्या जोडातून दाणकन हिसका बसायचा. दीनानाथच्या मानेला नाही, अभिमानाला.

"एकच सलग दांडा टाकतो. हलका. जोर थेट चाकाला."

"आणि वेगात मधोमध वळवळला की?" हा श्रीधर. श्यामलावहिनींचा एकुलता एक भाऊ, दीनानाथचा मेहुणा. "एवढा लांब दांडा दाजी, पोरींच्या उड्यांच्या दोरीसारखा फिरेल. दोनच बरे."

"तू गाडी कधी चालवलीस?"

"नाही. पण तुमच्या शेजारी बसलोय. त्यात जास्त शिकायला मिळतं."

गणपतीत सुरू झालेला हा वाद दिवाळीच्या चकल्यांपर्यंत आला. दोघांनाही अर्धं अर्धं कळत होतं, त्यामुळे माघार कुणीच घेईना. शेवटी नाना पेठेतल्या गॅरेजवाल्या रज्जाकभाईंना विचारलं.

"रज्जाकभाई, तुमचं मत?"

"मत इलेक्शनला देतो साहेब. एक म्हणा, एक बसवतो. दोन म्हणा, दोन."

गाडी दीनानाथची होती. एक बसला.

ठरावीक वेगाच्या वर गाडीखालून घरघर येऊ लागली. दीनानाथ म्हणाला, चाकं. श्रीधर म्हणाला, शाफ्ट. निकाल लावायची गॅरेजवाल्यांची एक रीत आहे. एकाने गाडी पळवायची, दुसऱ्याने आत आडवं पडून खाली कान लावायचा. डाव्या बाजूची सीट काढली. शाफ्टवरचं पत्र्याचं झाकण काढलं. श्रीधर आडवा झाला.

बोगद्यापलीकडे, सरळ रस्त्यावर, शाफ्टचा इंजिनाकडचा जोड तुटला.

शाफ्ट वर आला.

श्रीधरचा चेहरा आम्हाला कुणी दाखवला नाही.

दीनानाथचा अंगठा तेवढा खरचटला. तो सगळ्यांना एकच सांगायचा. पोलिसांना, तेराव्याला आलेल्यांना, वहिनींना.

"तो काही बोललाच नाही रे. एक शब्द बोलला असता तर तिथेच थांबलो असतो."

मग त्याने गाडीला दोन तुकड्यांचा शाफ्ट बसवून घेतला. मेहुण्याचं ऐकायची पद्धत आमच्याकडे अशीच आहे. तो गेल्यावर.

गाडी मुकाट चालू लागली. पण दीनानाथला तो हिसका पुन्हा टोचू लागला. संक्रांतीला त्याने रज्जाकभाईंकडून नवा एकसंध शाफ्ट करून घेतला. जाड नळीचा. खाली लोखंडी पट्टा, म्हणजे तुटलाच तर वर यायला नको. पहिल्याच फेरीला वहिनी शेजारी बसल्या. परत आल्यावर त्यांनी चपलाही काढल्या नाहीत. उंबऱ्यातच उभ्या राहिल्या.

"श्रीधर बोलला," म्हणाल्या.

दीनानाथने दुसऱ्याच दिवशी दोन तुकड्यांचा बसवला. आवाज नाही. वहिनी जेवेनात. पुन्हा एकसंध बसवला...

आवाज आला.

तेव्हा त्याने मला बोलावलं. अंगणात बाजूला घेतलं.

"तू मागे बस. ऐक. आणि तिला सांग की इंजिन आहे. तुझ्यावर विश्वास आहे तिचा. तू म्हणालास तर तो दांडा उद्याच भंगारात जाईल."

"आणि मला काही ऐकू आलं तर?"

"तुला काय ऐकू येणार?" तो म्हणाला. पण माझ्याकडे बघून नाही.

वहिनी तयार होऊन बाहेर आल्या. हातात चहाचा थर्मास.

"भाऊजी, तुम्ही 'काही नाही' म्हणालात तर भंगारवाल्याला मी स्वतः हाक मारीन. शब्द देते."

मी फळीवर बसलो. गुडघे हनुवटीला. बरोबर माझ्याखाली शाफ्ट फिरत होता.

बोगदा गेला. उतार गेला. सरळ रस्ता आला.

वेग वाढला. इंजिन. वारा. मला हसू यायला लागलं होतं.

मग घरघर सुरू झाली...

आणि त्या घरघरीच्या आत...

"दाजी..."

श्रीधरचा आवाज. नाकातला. एक गाल कशावर तरी दाबून बोलावं, तसा चपटा.

"दाजी, शाफ्ट हलतोय. हळू घ्या."

दीनानाथचा पाय सैल पडला. वेग उतरला. आवाज तुटला. खाली नुसतं इंजिन.

वहिनींनी मान वळवली नाही.

"वाढवा."

"श्यामला, पुरे आता."

"वाढवा म्हटलं ना. त्याचं बोलणं अर्धं राहिलं."

त्याने वाढवला.

"दाजी, ऐकताय का? हळू... दाजी, ओरडतोय मी... दाजी, पाय काढा हो..."

मग काहीतरी तुटल्याचा आवाज. गाडीत काहीही तुटलं नव्हतं. मग जो आवाज आला, तो माणसाचा असतो हे मला त्या दिवशी कळलं.

मग शांत.

मग...

"दाजी..."

पहिल्यापासून. तसंच. तेच शब्द, तीच ओरड. पुन्हा. आणि पुन्हा. दर वेळी त्याला नव्याने कळत होतं की शाफ्ट हलतोय.

दीनानाथ रडत होता. पाय मात्र दाबलेला. वहिनी पदर सावरून समोर बघत होत्या, लग्नाच्या वरातीत बसल्यासारख्या.

एकदाच ते बदललं. 'दाजी' आलं, आणि थांबलं. जणू कुणीतरी मान वळवली. मग आवाज अगदी माझ्या खाली आला, फळीला टेकून.

"...मागे कोण बसलंय?"

वहिनी दारात पाहुणा आल्यासारख्या म्हणाल्या, "अरे, आपले भाऊजी आलेत."

"...बरं. त्यांना म्हणावं, तुम्ही तरी सांगा. हळू घ्यायला."

मी सांगितलं नाही.

रस्त्याकडेच्या एका चिंचेखाली गाडी उभी राहिली. इंजिन बंद झालं. दीनानाथ मागे वळला. त्याचं नाक वाहत होतं, डोळे लाल.

"इंजिन आहे ना रे ते? सांग ना तिला."

वहिनींनी थर्मास उघडला. चहा ओतला. कप मागे दिला.

"साखर जरा कमी आहे, भाऊजी."

खोटं बोलणं मला जड नव्हतं. नातेवाइकांच्या भल्यासाठी मी आयुष्यभर खोटं बोलत आलोय. भिकार गायकांना दाद दिलीय. दोन शब्दांचं काम होतं. एक माणूस सुटला असता. कदाचित दोन.

पण बंद गाडीत, फळीखाली, कुणीतरी मी काय म्हणतोय ते ऐकत होतं. कान लावून. मला मांडीशी ते जाणवत होतं.

"श्रीधरच आहे," मी म्हणालो.

दीनानाथने कपाळ स्टिअरिंगवर टेकलं.

वहिनींनी मान हलवली. "ओरडत होता ना? ऐकलंत ना तुम्हीही? हे सगळ्यांना सांगत फिरले, तो बोललाच नाही." मग नवऱ्याकडे वळून, साडीच्या दुकानात बोलतात त्या सुरात म्हणाल्या, "एकच राहू द्या हो. मला हाच पसंत आहे."

परत आल्यावर दोन तुकड्यांचा शाफ्ट त्यांनी भंगारवाल्याला देऊन टाकला. वर चहा पाजला त्याला.

मी त्यांना एकदा एकटं गाठलं. "वहिनी, पण श्रीधरला... दर वेळी त्याला ते सगळं..."

"त्रास होतो. कळतं मला. भाऊ आहे माझा." त्या भांडी पुसत होत्या. एक वाटी उजेडात धरून पाहिली. "पण यांना जास्त होतो."

त्यानंतर दर रविवारी ते दोघे जात राहिले. कात्रज वाढलं, धायरी पुण्यात आली, दीनानाथचे केस गेले. गाडी उत्तम राहिली. लोक कौतुक करायचे, या वयातही दोघं फिरायला जातात, काय जोडी आहे. मी त्यांच्याकडे लग्नकार्यापुरता जायचो. गाडी दारात असेल तर पलीकडच्या कडेने.

परवा वहिनींचा फोन आला. आता सत्तरी ओलांडली त्यांनी. आवाज मात्र खणखणीत.

"भाऊजी, यांचे गुडघे गेले. क्लच दाबवत नाही. तुम्ही चालवाल ना?"

"वहिनी, माझं लायसन्स संपलंय."

"त्याला कुठे दिसतंय."

"नजरही राहिली नाही आता."

"सरळच रस्ता आहे."

फोनवर त्यांच्या मागे दीनानाथ काहीतरी पुटपुटत होता. एकच शब्द, पुन्हा पुन्हा. कोणता ते मी ऐकलं नाही असं मी ठरवलंय.

"हे मागे फळीवर बसतील," वहिनी म्हणाल्या. "सवय होईल हळूहळू. आणि तो तुम्हाला विसरला नाहीये बरं का. गेल्या खेपेला विचारत होता, ते पुन्हा आले नाहीत म्हणून."

उद्या रविवार आहे.

मी अजून नाही म्हटलेलं नाही.