ब्रिजेटची घळ

"तू इथे नाहीयेस," मी त्याला म्हणाले.

खरं तर तो माझ्यासमोर चांगला धडधाकट उभा होता. माझ्याहून हातभर उंच, पाठपिशवीला स्की बांधलेल्या, नाकावर उन्हाचं पांढरं मलम थापलेलं. पण माझ्या हातातलं यंत्र मात्र ढिम्म!

डोंगरात शिरण्याआधी आमच्यात ही हजेरी असतेच. कुणी बर्फाखाली गाडलं गेलं तर सापडावं म्हणून प्रत्येकाच्या छातीवर सतत संकेत सोडणारा बीकन बांधलेला असतो. एकानं वाटेत उभं राहायचं, बाकीच्यांनी एकेक करून त्याच्यासमोरून जायचं, आणि प्रत्येकाचं टुक-टुक ऐकू आलं की मगच पाऊल पुढे टाकायचं. माझी मैत्रीण मारिबेल वाजली, तिचा नवरा डर्क वाजला. हा पाहुणा काही वाजेना.

"नीट बघ ना," तो म्हणाला. "लोक म्हणतात मी बऱ्यापैकी दिसतो."

"दिसतोस की. वाजत नाहीस."

त्यानं जाकिटाची चेन उघडून आत पाहिलं आणि कानापर्यंत लाल झाला. बटणच दाबलं नव्हतं गड्यानं. मग टुक... टुक... सुरू झालं, आणि मी म्हटलं, "हं, आता आहेस. थोडासा."

त्याचं नाव ओटिस. डर्कचा कॉलेजचा मित्र, याच हिवाळ्यात बिशप गावात राहायला आलेला. तिथल्या शाळेत मुलांना बँड शिकवतो. मी घोड्यांना नाल मारते हे ऐकल्यावर त्यानं अगदी गंभीरपणे विचारलं, की लाथा जास्त कोण मारतं, घोडे की खेचरं? मी म्हटलं, गिऱ्हाइकं.

सिएराच्या डोंगरांतला मे महिना म्हणजे आमची दिवाळी म्हणा ना. रात्री बर्फ दगडासारखा गोठतो, सकाळी ऊन त्याला वरवर मऊ करतं, आणि तेवढा थोडा वेळ स्की लोण्यातून गेल्यासारखी जाते. उशीर केला की त्याच बर्फाचा चिखल होतो आणि उतारच्या उतार घसरून खाली येतो. म्हणून आम्ही उजाडतानाच निघालो. वाटेत गोठलेल्या तळ्याकाठी तंबू टाकले आणि पुढे चढायला लागलो. चढताना घसरू नये म्हणून स्कीला खालून चिकटवलेल्या केसाळ पट्ट्या बर्फावर सर्र-सर्र वाजत होत्या. ओटिस माझ्या मागून येत होता... आणि कसं कोण जाणे, चढता चढता मी त्याला गुडघ्याची सगळी गोष्ट सांगून बसले.

दोन वसंतांपूर्वी मी याच डोंगरावरच्या अरुंद, उभ्या घळीत पडले होते. स्कीची कड अडकली, आणि मी थेट तळापर्यंत घरंगळत गेले. गुडघ्याचा स्नायुबंध तुटला. तेव्हापासून सगळे त्या घळीला 'ब्रिजेटची घळ' म्हणतात. प्रेमानंच म्हणतात हो, आणि मीही हसते. पण आतून अशी चिडते! दोन वर्षं जो व्यायाम केला, तो तिच्यासाठी. एकदा, फक्त एकदा, मला ती माझ्या पायांवर उतरायची होती.

"मग आज उतरशील," तो म्हणाला. इतक्या साधेपणानं, की मी वळून पाहिलं. तो धापा टाकत हसत होता. आणि मला... मला तो आवडून गेला, काय लपवायचं त्यात?

घळीच्या वरच्या तोंडाशी पोचलो तेव्हा बर्फ अगदी हवा तसा झाला होता. मी बूट स्कीत अडकवायला वाकले, तर माझे हात थरथरत होते. बाजूला ओटिस होता. त्यानं माझ्या हातांकडे पाहिलं. मग खाली घळीकडे.

"माझ्याकडून नाही," तो म्हणाला.

आमचा नियम सरळ आहे. एकानं जरी 'नाही' म्हटलं, तरी सगळ्यांनी मागे फिरायचं. आणि सुखरूप खाली येईपर्यंत 'का' विचारायचं नाही. डर्कनं नुसती मान हलवली. मारिबेलनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. मागच्या सौम्य उतारावरून आम्ही गुपचूप तंबूंपाशी आलो.

संध्याकाळी मारिबेल स्टोव्हवर बरिटो गरम करत होती. ओटिस तळ्याच्या बर्फात पाडलेल्या भोकातून पाणी काढत होता. मी तिथे जाऊन उभी राहिले आणि विचारलं, बर्फात असं काय दिसलं तुला?

"काही नाही. बर्फ छान होता."

"मग?"

"तुझे हात..." तो अडखळला. "वाटलं, तुला नाही म्हणायचंय आणि म्हणवत नाहीये. म्हणून मग मीच..."

माझं डोकंच सणकलं. "थरथरतच होते ते! तसेच घेऊन उतरायचं होतं मला. चांगला बर्फ, चांगला दिवस... तोंडचा घास काढून घेतलास माझ्या. कुणी सांगितलं होतं तुला?"

त्यानं पाण्याची पिशवी खाली ठेवली. सारवासारव केली असती तर मला भांडायला तरी सोपं गेलं असतं.

"कुणीच नाही," तो म्हणाला. "चुकलं माझं. उद्या मी तोंड उघडणार नाही." मग पाण्याची पिशवी उचलता उचलता अगदी हळू म्हणाला, "एका दिवसाच्या ओळखीत तुझी इतकी काळजी का वाटावी... ते माझं मलाच कळत नाहीये."

मी पाय आपटत तंबूत गेले. रागानं उशी थोपटली, आणि मग त्याच उशीत तोंड खुपसून हसले. मनाला काही लाज असते का?

रविवारी उठलो तर आभाळ भरून आलेलं. ढगांनी रात्रभर डोंगरावर पांघरूण घातलं होतं, बर्फ धड गोठलाच नव्हता. तरी आम्ही चढलो. कदाचित वर टणक असेल, असं मीच सगळ्यांना सांगत होते. स्वतःलाही.

पुन्हा तेच घळीचं तोंड. गंमत म्हणजे आज माझे हात स्थिर होते. डर्क आणि मारिबेल माझ्याकडे बघत थांबले होते. ओटिस मात्र पाठमोरा उभा राहून पलीकडच्या कड्यांकडे पाहत होता. हातमोज्याचा पट्टा त्यानं दातांत गच्च धरला होता. शब्द दिला होता ना, तोंड उघडणार नाही म्हणून! तो असा अवघडून उभा होता, की मला त्याला जवळ घ्यावंसं वाटलं.

मी एक पाऊल कडेला टाकलं. बूट नडगीपर्यंत आत गेला. मुठीत बर्फ घेऊन मी त्याचा गोळा खाली सोडला. गोळा गडगडत गेला, जाता जाता मोठा होत गेला, आणि त्याच्यामागून ओल्या बर्फाचा पापुद्रा सुटून घळीत नाहीसा झाला.

दोन वर्षं. आणि काल इथेच सगळं जमून आलं होतं.

"नाही," मी म्हणाले. आवाज फुटला, पण शब्द माझा होता.

कुणी काही विचारलं नाही. डर्क वळला, मारिबेल वळली. ओटिसनं दातांतला पट्टा सोडला आणि माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत कीव नव्हती. मी रडले, तेव्हा तो नुसता शेजारी उभा राहिला, माझं रडून होईपर्यंत. मग आम्ही मागच्या उतारावरून निघालो. तिथल्या चिखलासारख्या बर्फात तो इतक्यांदा आपटला, की शेवटी मला हसूच आलं.

तंबू गुंडाळून गाड्यांपाशी आलो. डर्क आणि मारिबेल सामान भरत होते. ओटिस माझ्या गाडीला टेकून उभा राहिला.

"कालचाच दिवस होता तो," तो म्हणाला. "मी घालवला तुझा. परत कसा देऊ?"

"नाही देता येणार. आता पुढच्या वसंतापर्यंत थांबायचं."

"मग थांबतो मीही. म्हणजे... मला बरोबर नेणार असशील तर. वर उभा राहीन, खाली उभा राहीन, म्हणशील तिथे." तो गाडीपासून सरळ झाला. "मला तू आवडतेस, ब्रिजेट. हे आज सांगायचं नव्हतं. तुला वाटेल, चूक सावरायला बोलतोय."

मी त्याच्याकडे बघत राहिले. केस घामानं चप्प बसलेले, कोपरापर्यंत भिजलेला, आणि डोळ्यांत माझ्या उत्तराची एवढी धास्ती!

"हे बघ," मी म्हटलं, "घळीसाठी मी वर्षभर थांबेन. पण तुझ्यासाठी... शनिवारपर्यंतसुद्धा नाही धीर निघायचा मला."

"आज तर रविवार आहे," तो गोंधळून म्हणाला.

"हो ना. शनिवारला अजून सहा दिवस, तीच तर पंचाईत आहे."

त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू उजाडत गेलं. तो आणखी काहीतरी बोलणार होता, पण मी टाचा उंचावल्या आणि त्याला बोलू दिलं नाही.