परक्या गाण्यांचा कप्पा

"झेरॉक्स मिळेल का इथे?"

दारातून आवाज आला. तिने मान वर न करताच सांगितलं, "शेजारी. इथे गाणी मिळतात."

पण माणूस हलला नाही. तिच्या खांद्यावरून कॉम्प्युटरकडे बघत म्हणतो कसा, "हे काय हो? शाईत पाय बुडवून मुंग्या पळाल्यात की काय?"

खरं तर तिला राग यायला हवा होता. सकाळपासून त्याच मुंग्यांनी तिला पिसाळून सोडलं होतं. पण आलं ते हसू... आता याला काय म्हणावं!

काकांचं सीडी भाड्याने देण्याचं दुकान. सीडीचे दिवस भरत आले होते. महिनाअखेर दुकानाला कुलूप लागायचं होतं. त्याआधी सगळी गाणी कॉम्प्युटरवर उतरवायचं काम पुतणीच्या गळ्यात पडलं. आपल्या भाषेतली गाणी मुकाट उतरली. अडलं ते परक्या गाण्यांच्या कप्प्यापाशी. काका बोटीवर नोकरीला होते तेव्हा बंदराबंदरांतून त्यांनी जिवापाड जमवलेला तो कप्पा. सीडी घातली की इंटरनेटवरून गाण्यांची नावं यायची, पण नावांच्या जागी चौकोन, प्रश्नचिन्हं आणि मुंग्या!

"नावं शाबूत आहेत," तो म्हणाला. "कॉम्प्युटर ती भलत्याच लिपीची समजून वाचतोय. सरका जरा."

त्याने कुठेतरी लिपी बदलली, नावं पुन्हा मागवली... आणि मुंग्यांची अक्षरं झाली. तिला न कळणारी, पण ओळीत शहाण्यासारखी बसलेली.

"तुम्हाला वाचता येतं हे?"

"त्यावरच पोट आहे. वर भाषांतराचं ऑफिस आहे ना, तिथला दुभाषी मी."

"झेरॉक्स राहिली की तुमची!"

"राहू दे. तिला कुठे घाई आहे?"

काकांना कळलं तेव्हा त्यांनी छताकडे बघून हात जोडले. "चिमे, माणूस धाडला गं देवाने!" देवाने तो नक्की कोणासाठी धाडला होता, हे मात्र त्या भोळ्या जिवाला कुठे ठाऊक!

मग रोज ऑफिस सुटलं की तो खाली यायचा. काही सीड्यांना इंटरनेट दुसऱ्याच कुणाची नावं चिकटवायचं. मग एकच हेडफोन, एक कान तिचा, एक त्याचा. गाणं ऐकून, वेष्टनाशी ताडून तो खरं नाव टाइप करायचा आणि शेजारी काकांसाठी अर्थ लिहायचा.

"याचा अर्थ काय?"

"'तुझ्या खिडकीत दिवा का नाही?'"

"आणि याचा?"

"'हसतेस तेव्हा माझी वाट चुकते.'"

"खरंच असं लिहिलंय — की तुम्ही रचताय?"

"लिपी तुम्हाला येत नाही. विश्वास ठेवण्यावाचून गत्यंतर नाही."

ती गालातल्या गालात हसायची. बाहेर पाऊस रिपरिपत असायचा, आणि हेडफोनची तार आखूड होती हे किती बरं होतं!

एका संध्याकाळी तो कॉम्प्युटरवरून नजर न काढता म्हणाला, "महिनाअखेर माझी बदली आहे."

"लांब?"

"रात्रभराचा प्रवास."

"छान," ती म्हणाली, आणि स्वतःची जीभ चावावीशी वाटली तिला.

कप्पा रिकामा होत चालला. तो संपला की यायला निमित्त कुठलं? शेवटी दुसऱ्या दिवशी सकाळी तिने धीर केला. नीट झालेल्या एका सीडीची नावं पुसली, लिपी आधीची चुकीचीच ठेवून नावं परत मागवली. आल्या मुंग्या!

"अहो — या सीडीचं परत बिघडलं."

त्याने पाहिलं, 'हं' केलं आणि 'सावकाश करू' म्हणत ती बाजूला ठेवली. पुढच्या दिवशी दुसरी. त्यानंतर तिसरी.

आणि मग तिने हात न लावलेल्या दोन सीड्याही बिघडलेल्या निघाल्या! आपल्या खोडीने सगळंच नासलं की काय?

काका येऊन बघतात तो काय, कप्प्यात ठिकठिकाणी मुंग्या. ते मटकन खुर्चीत बसले. "जाऊ दे गं. या यंत्रात काही राम नाही. पुसून टाक सगळं. माझं तरी आता किती ऐकायचं राहिलंय?"

त्यांचा तो चेहरा तिला बघवेना. दुभाषी शेजारीच उभा होता. त्याच्यासमोर बोलायचं म्हणजे... पण काकांच्या दुःखापुढे लाज कसली धरायची?

"काका, यंत्र चांगलं आहे. तीन सीड्या — मी बिघडवल्या. मुद्दाम."

"तू? का गं?"

तिचे कान लालेलाल.

"आणि बाकीच्या दोन?"

दुभाष्याने घसा खाकरला. एरवी चार भाषांत बोलणारा तो माणूस आपल्याच भाषेत अडखळला. "त्या... मी. त्याच कारणासाठी."

काकांनी एकदा हिच्याकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे. मग खो-खो हसत सुटले. "लबाडांनो! मी इथे यंत्राला शिव्या घालतोय! बदलीच्या गावी टपाल जातं ना रे? नीट करा आधी माझी गाणी. मी जरा शेजारी जाऊन येतो. सावकाश येतो."

दोघं बसले. पाचही सीड्या पटापट नीट झाल्या, इतक्या पटापट की दोघांनाही हसू आलं. कप्पा संपला. बिघडलेलं काही उरलं नाही, निमित्त म्हणून काही उरलं नाही.

तरी तो उठला नाही. आणि 'उशीर नाही का होत?' असं तिनेही विचारलं नाही.