कार्मेलोच्या अंगणातला खड्डा

"सुट्टीत लोक मासे पकडायला जातात," आगाताचा मित्र एनोक कुरकुरला. "आपण कोर्टात!"

"माझे बाबा तुरुंगात जातील, आणि तुला मासे सुचतात?" आगाताने त्याला प्रेक्षकांच्या सज्जात ढकललं. मागून तिचा धाकटा भाऊ नुंझियो घुसला.

खटला सोपा होता. नोव्हेंबरात गावच्या चर्चमधली मेणबत्त्यांची चांदीची दोन शमादानं नाहीशी झाली. त्याच संध्याकाळी प्रॅटबाईंनी खिडकीतून पाहिलं, की गिरणीतला इटालियन कामगार कार्मेलो, म्हणजे आगाताचे बाबा, गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी लांबलचक पुरतोय. पोलिसांनी उकरलं, तर अंजिराचं झाड!

इटालियन गल्लीतले सगळेच हिवाळ्यात अंजीर आडवं करून पुरत आणि वसंतात पुन्हा उभं करत. मॅसॅच्युसेट्सच्या बर्फात ते दुसऱ्या कशाने जगणार? पण हे गल्लीबाहेर कोणी विचारलंच नव्हतं.

"जिवंत झाड पुरणारा माणूस," सरकारी वकील गरजले, "काय काय पुरेल!"

ज्यूरीने माना डोलावल्या.

"शमादानं शेवटची कुठे दिसली?" वकिलांनी प्रॅटबाईंना विचारलं.

"चर्चच्या सुगीच्या मेजवानीत, मेजावर," प्रॅटबाई म्हणाल्या.

एनोक ताडकन उठला. "अगं, मेजवानीचं सगळं सामान पेंढा घातलेल्या पिपात भरून माळ्यावर ठेवतात! दरवर्षी मीच चढवतो!"

"मग पीप कोणी पाहिलं नाही?" आगाताने विचारलं.

"चोर सापडल्यावर कोण पाहतंय?"

तिघे चर्चकडे धावले. दारात रखवालदार होता.

"आत जायचं नाही!"

आगाताने नुंझियोच्या कानात काहीतरी सांगितलं. तो मागच्या अंगणात पळाला. दोन मिनिटांनी ती किंचाळली, "काका, धावा! एक इटालियन पोरगा खड्डा खणतोय!"

रखवालदार इतका जोरात धावला, की त्याची टोपी दारातच राहिली. दोघं माळ्यावर चढली. पेंढ्यात टेबलक्लॉथ होते, आणि त्यांत गुंडाळलेली दोन शमादानं!

कोर्टात न्यायाधीशांनी ती हातात घेऊन उलटसुलट पाहिली. प्रॅटबाईंनी खिडकीबाहेर पाहिलं. कार्मेलो सुटला.

"शाब्बास, पोरांनो!" न्यायाधीश म्हणाले. मग त्यांनी पोलिसांच्या दक्षतेचंही कौतुक केलं. ते मात्र जास्त वेळ चाललं.

उकरलेलं झाड मेलं होतं. पण शेजाऱ्यांनी कार्मेलोला लावायला अंजिराची फांदी दिली, आणि आगाताने अंजिराचं एक रोप न्यायाधीशांना नेऊन दिलं.

पुढच्या नोव्हेंबरात, तिन्हीसांजेला, न्यायाधीश आपल्या अंगणात गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी लांबलचक पुरत होते. प्रॅटबाईंनी खिडकीतून पाहिलं.

"न्यायाधीशांना बागेची किती हौस!" त्या म्हणाल्या, आणि त्यांनी पडदा ओढला.