किती देवांचे तुम्ही?

खण एकच होता आणि तो आम्हां दोघांनाही हवा होता.

आमच्या ब्रह्मपुरीच्या कॉलेजच्या ग्रंथालयात दाराशीच कार्डांचं कपाट होतं. लहान लहान खण, प्रत्येकात पुस्तकांची कार्डं सळईत ओवलेली. मी ‘जंगल’ शोधायला खण ओढला, तर दुसऱ्या बाजूने कुणीतरी तोच धरला. वर पाहिलं — उंच, सावळा, कपाळावर घाम, आणि खण सोडायचं नाव नाही.

“तुम्ही पाहा आधी,” तो म्हणाला. हात मात्र तिथेच.

“सोडाल तं पाहीन ना, भाऊ.”

तो हसला... आणि मला उगाचच ओढणी नीट करावीशी वाटली.

सुनील त्याचं नाव. भामरागडचा. तो इतिहासाचा, मी समाजशास्त्राची; दोघंही एम.ए.च्या शेवटी लघुप्रबंधाशी झटापट करत होतो. साल अठ्ठ्याण्णव, मे महिना, पंख्याची हवासुद्धा गरम. वीज गेली की सगळं ग्रंथालय वह्यांनी वारा घेत बसायचं.

धीर नावाची गोष्ट देवाने मला दिलीच नाही. मी कपाटांमधून भटकायची, जाडजूड पुस्तक दिसलं की ओढायची, पहिल्या पानापासून वाचायला लागायची आणि विसाव्या पानावर वैतागून ठेवून द्यायची. सुनील दोन दिवस हे लांबून बघत होता. तिसऱ्या दिवशी न राहवून माझ्या टेबलाशी आला.

त्याची पद्धत वेगळी होती. आधी आपल्याला नेमकं काय हवंय ते एका ओळीत लिहायचं. मग विषयाची कार्डं बघायची, नंबर उतरवायचा आणि कपाटाशी गेल्यावर त्या पुस्तकाचे शेजारीपाजारीही चाळायचे, कारण एका विषयाची पुस्तकं एकाच आळीत राहतात. पुस्तक हातात आलं की ते उघडायचं मागून. शेवटची सूची बघायची, लेखकाने कोणकोणती पुस्तकं वापरली ते बघायचं.

“गावात पत्ता विचारतो तसंच आहे,” तो म्हणाला. “एका घरी विचारलं का ते दुसऱ्या घरी पाठवते.”

मी मान डोलावली. खरं सांगायचं तर मी सूचीकडे कमी आणि सूचीवरून फिरणाऱ्या त्याच्या बोटाकडे जास्त बघत होते.

त्यानंतर आमचं टेबल एकच झालं. त्याच्या घरी माडिया, म्हणजे तिकडची गोंडी, बोलतात, त्यामुळे पुस्तकी मराठी लिहिताना तो अडायचा. ती वाक्यं मी सरळ करून द्यायची. मधूनच तो जांभळाची पुडी टेबलाखालून सरकवायचा. आमचे ग्रंथपाल गुणवंतराव चष्म्यावरून बघायचे आणि पुन्हा शिक्के मारायला लागायचे. माझा लघुप्रबंध कधी नव्हे तो भराभर पुढे सरकत होता आणि मी सकाळी वेणी दोनदा घालत होते.

माशी शिंकली ती कांतामुळे. कांता माझी मैत्रीण, आमच्याच समाजातली. चहाच्या टपरीवर तिने सरळच विचारलं, “सुनीलभाऊ सुनीलभाऊ करत फिरतेस. किती देवांचा आहे पण तो?”

मी चहाचा पेला खाली ठेवला.

आमच्या गोंड लोकांत प्रत्येक कुळाचे देव ठरलेले असतात, कुणाचे चार, कुणाचे पाच, सहा, सात. ज्यांच्या देवांची संख्या सारखी ती भावंडं. त्यांच्यात लग्न होत नाही, तसा विचारही करायचा नसतो. आम्ही सहा देवांचे. आणि सुनील? साधारण आडनावावरून कळतं, पण त्याचं आडनाव आमच्या घरी कुणी ऐकलंच नव्हतं. त्याचेही सहा निघाले तर मी इतके दिवस तोंडाने म्हणत होते तेच खरं — सुनीलभाऊ.

त्या दिवसापासून माझं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही. पुढ्यातलं ताट तसंच राहायचं. त्याला भाऊ म्हणायला तोंड उघडेना आणि विचारायलाही उघडेना. हा प्रश्न मुलीने मुलाला विचारायचा म्हणजे आपण लग्नाचा विचार करतो हे कबूलच करायचं.

त्याच्याही ते लक्षात आलं असावं. “आजकाल भाऊ काऊन नाई म्हणत?” तो एकदा खाली मान घालून म्हणाला.

“घसा दुखून राह्यला.”

“फक्त त्याच शब्दाले दुखते का?”

मी पुस्तकात डोकं खुपसलं.

मग मी त्यानेच शिकवलेली विद्या त्याच्यावरच वापरली. एका ओळीत लिहिलं: भामरागडकडच्या कुळांचे देव. कार्डं पाहिली, नंबर उतरवले, पुस्तकं मागून उघडली. एकात त्याचं आडनाव सात देवांत होतं. मी टेबलाखाली पाय नाचवला. दुसऱ्यात सहा देवांत... नाचणारा पाय जागीच थांबला. दोन्ही पुस्तकांनी आधार एकाच जुन्या ग्रंथाचा दिला होता. तो आमच्याकडे होता, कार्ड होतं, पण जागेवर पुस्तक नव्हतं. नेलेल्यांत नोंद नाही, शेजारपाजारही धुंडाळून झाला.

दुसऱ्या दिवशी सुनील गावी निघणार होता. पावसाळा तोंडावर आला होता. एकदा नदी पुलावर चढली की भामरागडचा रस्ता तुटतो, मग माणूस कधी येईल ते सांगता येत नाही. म्हणजे आज कळायला हवं होतं. मी रडकुंडीला येऊन गुणवंतरावांकडे गेले.

“बाई, जागेवर नाई अन् बाहेर नाई,” ते शांतपणे म्हणाले, “तं कोण्या टेबलावर असंन. टेबलं पाहिली का?”

टेबलं मी पाहिलीच नव्हती. तशी फार नव्हतीच. खिडकीजवळच्या शेवटच्या टेबलावर सुनील पाठमोरा बसला होता, आज आमच्या नेहमीच्या जागी नाही. कोपराखाली तोच ग्रंथ. मी मागे जाऊन उभी राहिले. पान कुळांचं होतं आणि त्याचं बोट एका आडनावावर टेकलं होतं. ते माझं आडनाव होतं.

“काय पाहून राह्यले?” मी विचारलं.

तो दचकून उठला, खुर्ची करकरली. “संदर्भ...”

“सापडला?”

“पान फाटलं आहे,” तो म्हणाला. कान लालबुंद. “आडनाव आहे, पुढचा आकडा नाई. तीन पुस्तकं पाह्यली मी, दीपिका. प्रत्येक येगळंच सांगते.”

“मले विचाराचं ना मंग!”

“अन् सारखेच निघाले असते तं? उद्या गावाले कोणतं तोंड घेऊन गेलो असतो मी?”

“शांतता!” गुणवंतरावांनी टेबलावर पट्टी आपटली.

आता बोलायची सोय नव्हती. मग मी हात वर केले. एक पंजा पूर्ण, दुसऱ्या हाताचं एक बोट. सहा.

त्याने माझी बोटं मोजली. मग स्वतःचा डावा पंजा उघडला. पाच. उजव्या हातात पेन होतं, त्याच हाताचं एक बोट वर आलं.

सहा.

मी मान खाली घातली. आता फक्त इथून बाहेर पडायचं होतं, त्याला पुन्हा भाऊ म्हणायच्या आत.

टेबलावर टक् असा आवाज झाला. त्याच्या हातातून पेन पडलं होतं. मी वर पाहिलं. मोकळ्या झालेल्या हाताचं दुसरं बोटही आता ताठ उभं होतं.

सात.

मला इतक्या मोठ्याने हसू फुटलं की सगळं ग्रंथालय वळून बघायला लागलं. गुणवंतरावांनी पट्टी उचलली, आमची ती बोटं पाहिली, आणि पट्टी हळूच खाली ठेवली.

“दिवाळीले माय-बापाले घेऊन येतो,” सुनील कुजबुजला. “थांबशील?”

“धीर नाई मले, माहीत आहे ना?” मी पडलेलं पेन उचलून त्याच्या हातात दिलं. “पण थांबीन, सुनील.”